वाणात दिलेला रानाचा डाव

वासंती,

गल्लीत सगळे तुला मेघनाची आई म्हणून हळहळतात. इस्त्रीवाला, दूधवाला, देवळातल्या बायका. मुलगी एकटी पडली, म्हणतात. ते खरंच आहे, मीही मान हलवते. पण माझं काय गेलं ते कुणाला सांगता येत नाही. साठी ओलांडलेली बाई, माझ्याविरुद्ध पत्ते खेळणारी गेली म्हणून रडते, असं कुणाजवळ बोलू? म्हणून इथे लिहिते. दुपारी घरात कुणी नसतं. चौथीपर्यंत बेळगावला मामांकडे होते तेवढंच माझं मराठी शिक्षण, ते आज उपयोगी पडतंय.

तुझ्या पत्त्यांच्या पानांचं काय करायचं यावरून काल वर तुझ्या घरात बोलणं झालं. आमच्या मंगळाक्का ती पाण्यात सोडायला नेणार होत्या. ते तुला सांगायचं आहे, पण सरळ तिथंच येता येत नाही. आधीचं सगळं आठवत राहतं.

तू वर राहायला आलीस त्या दिवशी खाली उतरून माझ्या दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "काय करून राहिली?" मला वाटलं, पाणी वाया घालवते म्हणून रागावतेय. मी नळ बंद केला. तुला नुसतं बोलायचं होतं. नागपूरकडे असंच बोलतात हे मला नंतर कळलं. आम्ही इथले, या कानडी मुलखातले किती पिढ्यांचे, आमच्या बोलण्यात कानडी मिसळलेलं. मी 'स्वल्प थांबा' म्हटलं की तू हसायचीस. ही मराठी आहे की कानडीची सून, असं विचारायचीस. मी तुला तुम्ही म्हणायचे आणि तू मला पहिल्या दिवसापासून तू. शेवटी तुझं ऐकून ऐकून माझंही तू झालं. माझ्या आयुष्यात मी फार थोड्या माणसांना तू म्हटलंय.

मेघना सकाळी ऑफिसला जायला मारतहळ्ळीच्या गाडीत बसायची ती दिवेलागणीनंतर यायची. तू दिवसभर वर. भाजीवाल्याशी बोलायला तुला कानडी येत नव्हतं, टीव्हीचा तुला कंटाळा. मग तुला पलंगाखाली तो खोका सापडला. मेघनाच्या ऑफिसातल्या एका मुलानं नोकरी सोडून नवा पत्त्यांचा खेळ काढला होता, ओळखीच्यांनी खेळून बघावा म्हणून खोका भरून पाकिटं वाटली होती. मेघनानं ती आणली आणि पलंगाखाली सरकवली. तू एकेक उघडत बसलीस.

दुसऱ्या दिवशी तू माझ्या स्वयंपाकघरात येऊन ती पानं पसरलीस. प्रत्येकावर चित्र. बगळा, सरडा, अस्वल, वडाचं झाड, वावटळ. त्याचं इंग्रजी नाव माझ्या जिभेवर कधी बसलं नाही, आपण त्याला रानाचा डाव म्हणायला लागलो. तू मला समजावलंस, की आधी जमिनीवर पाणी, ऊन, माती अशी पानं मांडायची आणि त्यांच्या जोरावर प्राणी उतरवायचे. हत्तीला पाणी फार लागतं, सरड्याला नुसतं ऊन पुरतं. पाकिटात काय निघेल ते आधी कळत नाही. निघेल त्यातून, आणि एकमेकींत अदलाबदल करून, जिची तिनं आपली गड्डी बांधायची. दोघी विरुद्ध दोघी. पान टाकताना ते काय करतं हे मोठ्यानं बोलायचं. बोललं नाही तर पान वाया.

मला तिथंच नको झालं. चार माणसांत मोठ्यानं बोलणं मला जमत नाही हे तुला तोवर कळलं होतं. तू म्हणालीस, चार माणसं कुठं आहेत, चार बायका आहेत. आणि त्या चार तू मनातल्या मनात ठरवूनही टाकल्या होत्यास. तू, मी, समोर राहणारी रत्ना आणि माझ्या थोरल्या नणंद मंगळाक्का.

रत्नानं ऐकून घेतलं आणि मशीनवरून मान वर न करता सांगितलं, की गौरीच्या आधी तीस ब्लाऊज द्यायचे आहेत, मुंग्यामाकडांशी खेळायला वेळ नाही. मंगळाक्कांनी तर ऐकूनही घेतलं नाही. आमच्या सासऱ्यांनी घरात पत्ते आणायचे नाहीत असं अंबाभवानीसमोर सांगितलेलं. त्यांचा भाऊ पत्त्यांपायी घरातून गेला तो परत आला नाही. अक्का तेव्हा लहान होत्या, पण ते वाक्य त्यांनी जपून ठेवलेलं. तू जिन्यात पानं घेऊन उभी दिसलीस की त्या पदर सावरून दुसऱ्या बाजूनं जायच्या.

तू किती प्रकार केलेस. रत्नाच्या दारात बसून ब्लाऊजची बटणं लावून दिलीस आणि लावता लावता डाव सांगितलास. जिन्याच्या वळणावर चटई टाकून एकटीच चौघींचा डाव खेळलीस, चारही आवाज काढून. मी दाराआडून ऐकायचे. अस्वलाला तू माझा आवाज दिला होतास, अगदी हळू. मला हसू यायचं आणि थोडा रागही.

मग संक्रांत आली. माझ्याकडे दर वर्षी हळदीकुंकू असतं. तू विचारलंस, या वेळी वाण काय लुटणार? मी म्हटलं, प्लास्टिकच्या गाळण्या. तू म्हणालीस, "गाळण्या राहू दे. वाण नाही म्हणता येत नाही ना कुणाला?"

तुझे डोळे तेव्हा कसे चमकले होते ते मला अजून दिसतं. तुझ्या हातानं वाण चालत नव्हतं, ते तुला माहीत होतं, मलाही. त्या संध्याकाळी मी जिन्यापाशी येऊन तुला खाली ये म्हणून खूण केली. तू वरच्या पायरीवरूनच हात हलवून नको म्हणालीस आणि वाटायला घे अशी खूण केलीस. मी प्रत्येकीला तिळगूळ दिला, आमच्याकडचं तीळ, गूळ, खोबऱ्याचं एळ्ळु-बेल्ल दिलं, उसाचा तुकडा, आणि रंगीत कागदात गुंडाळलेली चार चार पाकिटं. बायकांनी ओटीत घेतलं. मंगळाक्कांनी हातानं चाचपून पाहिलं, विचारलं, साबण आहे का? मी गप्प राहिले. गप्प राहण्याचा मला एवढा उपयोग कधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या पाकिटं घेऊन आल्या. चेहरा लाल. मला वाटलं, आता संपलं. पण त्यांना ते फेकता येत नव्हतं. वाण म्हणून आलेलं, सवाष्णीच्या हातून घेतलेलं. आणि एक उघडून पाहिलं तर आत नाग, वड, मोर, हत्ती, उंदीर. नागपंचमीला पूजतो तो नाग, वटपौर्णिमेला फेरे घालतो तो वड. त्यांनी देवापुढं ठेवून त्या पाच पानांना हळदकुंकू लावलं होतं. चित्र बिघडू नये म्हणून पाठीवर.

तू तेव्हा जिन्यात होतीस. तू पानं हातात घेऊन उलटी केलीस आणि इतकी हसलीस की कठड्याला धरून खाली बसलीस. पत्त्याची पाठ कोरी असायला हवी, समोरच्याला कळू नये म्हणून, हे अक्कांना कुठून माहीत? "मंगळाताई," तू म्हणालीस, "तुमचा नाग तर साऱ्या गल्लीला दिसून राहिला."

त्यांना वाटलं, तू देवाला हसतेस. त्यांनी पानं ओढून घेतली आणि निघाल्या. तेव्हा तू जे केलंस, वासंती, त्यासाठी मी तुला मनात कितीदा हात जोडलेत. तू वर धावलीस, तुझी सगळी गड्डी आणलीस, त्यांच्यापुढं ठेवलीस. हसणं एकदम थांबलेलं. म्हणालीस, माझ्याही पानांना लावा, तुमच्या हातानं. या गिरिजाच्या, रत्नाच्या, सगळ्यांच्या. सगळ्यांच्याच पाठीवर असलं म्हणजे कुणाचं काय ते कळणार नाही, आणि एवढी पूजा झालेल्या वस्तूला पत्ते कोण म्हणेल?

अक्का उभ्याच राहिल्या. मग करंडा मागितला. माझ्या ओट्यावर बसून त्यांनी एकेक पान पालथं करून बोट टेकवलं, सरड्याला आणि वावटळीलासुद्धा. दुपार गेली. रत्ना बघायला आली आणि सुकलेली पानं उचलून ठेवायला लागली. जाताना म्हणाली, ब्लाऊजच्या तुकड्यांच्या पिशव्या शिवून देते, नाहीतर कुंकू सांडेल. अशा दोघी एका दुपारी आल्या. तू चार-पाच महिने समजावत होतीस ते कुणी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर कुणी नवं पाकीट उघडलं की ते आधी अक्कांकडे जायचं. हा नियम खेळ काढणाऱ्या त्या मुलानं केलेला नाही, पण आपल्या खेळात तो पहिला नियम होता. आपली पानं पिवळी पडली, बोटांना हळदीचा वास यायचा.

दर गुरुवारी तिसऱ्या प्रहरी तुझ्याकडे चटई. तू आणि अक्का एका बाजूला, मी आणि रत्ना दुसऱ्या. रत्ना अदलाबदल करायला बसली की भाजीवालीसारखी घासाघीस करायची, दोन बेडकांवर एक बगळा आणि वर मुंगूस. अक्कांच्या पाकिटात सोनेरी कडेचं घुबड निघालं तो दिवस आठवतो? तू ओरडलीस की असं पान खोक्यात एखादंच असतं. अक्का म्हणाल्या, एखादं असो की शंभर, घुबड माझ्या घरात येणार नाही. रत्नानं सांगितलं की घुबड लक्ष्मीचं वाहन. अक्का म्हणाल्या, मग लक्ष्मीबरोबर येऊ दे, एकटं कशाला. शेवटी ते माझ्या पिशवीत आलं. तू महिनाभर माझ्याकडे ते मागत होतीस, चार मोर देते म्हणालीस. मी नुसती मान हलवायचे. तू म्हणायचीस, ही बोलत नाही पण सोडतही नाही.

एकदा पाऊस होता, त्या दोघी आल्या नाहीत. आपण दोघीच चहा घेत बसलो होतो. मी विचारलं, तुला याचं एवढं काय? तू कप खाली ठेवलास. म्हणालीस, "लेकीच्या घरात मी पाहुणीच ना गं. ती चांगली आहे, पण विचारायचं कुणी नसतं. डावात कसं, फिरून फिरून माझी पाळी येते. तोवर तिघी थांबून राहतात माझ्यासाठी."

मी काही बोलले नाही. तुला ते चाललं. पण मला त्या दिवशी तुला सांगायचं होतं, की माझंही तसंच आहे. भरल्या घरात माझीही पाळी कधी आली नव्हती. तुझ्या चटईवर पहिल्यांदा कुणी हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. हे राहून गेलं. आता वाचून घे.

आणि आपला वाद. माझी पानं रत्ना बोलायची. मी टाकायचे, ती सांगायची, अस्वल आलं, मध खाल्ला, तुमची दोन माकडं गेली. तुला ते पटत नव्हतं. जिचं पान तिनं बोलावं, असं तू पहिल्यापासून म्हणत होतीस. त्या शेवटच्या गुरुवारी रत्नाकडे कुणी गिऱ्हाईक आलं, ती खाली गेली. माझी पाळी. मी अस्वल टाकलं. ते लागलं असतं तर आम्ही जिंकलो असतो. तू म्हणालीस, बोल. मी बोलले नाही. अक्का म्हणाल्या, अय्यो, दिसतंय की अस्वल, सुम्ने, उगीच कशाला तिला त्रास. तू ऐकलं नाहीस. "पान वाया," म्हणालीस आणि उचलून बाजूला ठेवलंस.

मी उठून खाली आले. दुसऱ्या दिवशी तू गोळाभात पाठवलास, मी त्या डब्यात चिरोटी घालून परत पाठवली. म्हणजे राग नव्हता. पण वाद तसाच राहिला, कारण त्यात फक्त तूच बोलली होतीस. पुढचा गुरुवार यायच्या आधी तुझ्या छातीत दुखलं आणि मेघना तुला गाडीत घालून घेऊन गेली. तू खिडकीतून माझ्याकडे बघून हात केलास. मी सगळ्यांच्या मागं उभी होते.

आता माझी बाजू ऐक. तुला वाटायचं, मी भिते म्हणून गप्प असते. थोडं भितेही. पण सगळं तेवढंच नव्हतं. मला ऐकायला आवडायचं. तुझा वाघ कसा येतो, अक्कांचा नाग कसा येतो, रत्ना माझ्या अस्वलाला कसा मध खायला लावते. मी तोंड उघडलं असतं तर ते सगळं माझ्या आवाजाखाली गेलं असतं. माणूस गप्प बसूनही खेळात पूर्ण असू शकतं, वासंती. तुला हे मान्य झालं नसतं. तू काहीतरी खणखणीत उत्तर दिलं असतंस. ते काय असतं याचा मी विचार करते आणि मला सुचत नाही, आणि तेव्हा तू नाहीस हे सगळ्यात जास्त कळतं.

आता कालचं.

मेघना पंधरवड्यात हे घर सोडणार, ऑफिसजवळ मारतहळ्ळीला जाणार. आम्ही तिघी सामान बांधायला मदत करायला वर गेलो. कपाटातून तुझी निळ्या ब्लाऊजच्या तुकड्याची पिशवी निघाली. मंगळाक्कांनी ती पाहिली, डोळे पुसले आणि म्हणाल्या, ही माझ्याकडे दे, पूजेची वस्तू आहे, मालकीण गेली, आता तशी घरात ठेवू नये. कल्याणीत सोडते. कल्याणी म्हणजे देवळाचं तळं, हे मेघनाला ठाऊक नव्हतं. रत्नानं सांगितलं. मेघना सरळ हो म्हणाली. तिला त्या पिशवीकडे बघवतही नव्हतं. अक्का पुढं असंही म्हणाल्या की आमच्याही सोडू, चौथी नाही तर डाव कसला.

त्यांचं चुकत नव्हतं. पूजलेल्या वस्तूचं आपण असंच करतो. अक्कांनी पिशवी उचलली आणि पदराखाली घेतली.

मी म्हटलं, "नको, अक्का."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत मी अक्कांना नको म्हटलेलं मलाच आठवत नाही. मी म्हटलं, पूजा नुसती वस्तूला नव्हती, खेळायच्या वस्तूला होती. शस्त्रपूजा करतो, रत्नाच्या मशीनची आयुधपूजेला पूजा करतो, ती काय पाण्यात सोडतो? दुसऱ्या दिवशी त्यावरच ब्लाऊज शिवते. रत्ना म्हणाली, होय की. अक्कांनी पिशवी पदराखालून काढली, पण हातात धरून ठेवली. मग चौथी कोण, म्हणाल्या.

मी मेघनाकडे बघितलं. ती एकदम मागं सरली. काकू, मला नाही जमणार, म्हणाली. मग खोक्यांच्या मध्येच बसली आणि सांगायला लागली. तो खोका तिनंच आणला होता, पण एक पाकीटही उघडलं नव्हतं. तू दर गुरुवारी तिला फोन करून सांगायचीस, आज कोण हरलं. ती मीटिंगमध्ये असायची, हो हो म्हणून ठेवून द्यायची. "आई एवढी का खेळायची, काकू?" तिनं विचारलं. "मला कधी विचारावंसंच वाटलं नाही."

पाळीचं तू मला सांगितलं होतंस ते मी तिला सांगितलं नाही. ते तिला आयुष्यभर टोचलं असतं, आणि तू ते तिच्यावर रागावून म्हणाली नव्हतीस. मी म्हटलं, तिला हरायला आवडायचं नाही, म्हणून जिंकेपर्यंत खेळायची. हेही खरंच आहे. मेघना हसली, रडता रडता.

मग मी तुझ्यासारखं केलं. समजावलं नाही. चटई अजून बांधायची होती, ती उलगडली. अक्कांच्या हातातून पिशवी घेतली आणि मेघनाच्या मांडीवर ठेवली. तिनं पानं काढून पाहिली, पालथी केली, पिवळ्या बोटांचे ठसे बघितले. हे काय, म्हणाली. अक्कांनी खोकून घसा साफ केला आणि नाग, वड, सगळी हकिगत सांगायला बसल्या, जशी काही तू हसलीच नव्हतीस, जशी ती युक्ती त्यांचीच होती.

मेघनाला कुठलं पान कधी टाकायचं ते कळत नव्हतं. लिहिलेलं वाचत होती, पण तुझी गड्डी तशी चालत नाही. तू वाघ कधी पहिल्यांदा उतरवत नव्हतीस, आधी दोन हरणं सोडून वाट बघायचीस. मी समोरच्या बाजूला होते, तरी मला तिला सांगावं लागलं. आधी हरीण टाक, मी म्हटलं. ती बघत राहिली. तेव्हा मी बोलले. हरीण आलं, पाण्यावर उभं राहिलं, आता तुमच्या बाजूचा कुणी हलायचा नाही. मग दुसरं हरीण. मग वाघ. तुझा वाघ कसा येतो ते मला पाठ होतं, आवाजासकट. रत्नानं पानं खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. अक्का म्हणाल्या, सरी, बरोबर, लागला वाघ, गिरिजा, तुझीच माकडं गेली.

आम्ही हरलो. तुझी गड्डी जिंकली. मेघनाला गुरुवारी येता येणार नाही, तर अक्काच म्हणाल्या, मग शनिवारी ये, सकाळी माझा मारुती असतो, दुपारी मी मोकळीच. मेघनानं येईन म्हटलं. किती शनिवार येईल ठाऊक नाही. लांब आहे, रस्त्यात गर्दी असते. पण पिशवी तिनं आपल्या हातातल्या बॅगेत ठेवली, खोक्यात नाही.

एवढं झालं म्हणून तू जिंकलीस असं समजू नकोस. काल संध्याकाळपर्यंत तुझी सगळी पानं मी बोलले. माझी अजून रत्नाच बोलते.